मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर आपल्या रुळांवरची दृश्यं कशी उभी करायची

रूळ जोडून झाले, कंट्रोलर लागला, गाडी न घसरता फिरायला लागली, की पुढचा प्रश्न येतोच: आता आजूबाजूला काय ठेवायचं? तयार मिळणारं साहित्य बहुतेक युरोपीय किंवा अमेरिकन असतं. त्यामुळे नवख्यांच्या लेआउटवर उतरत्या लाल छपरांची घरं आणि ओव्हरकोट घातलेले प्रवासी दिसतात, आणि त्यांच्या मधून निळे आयसीएफ (जुन्या बनावटीचे) डबे धावत असतात. मग काहीतरी वेगळं हवं म्हणून डायनासोर येतो, उडती तबकडी येते, नाहीतर गाड्यांची टक्कर येते. लोक ते एकदा बघतात, दुसऱ्यांदा तिकडे वळत नाहीत.

माझ्या मते वेगळेपण शोधायला इतकं लांब जायची गरज नाही. आपल्या रुळांच्या कडेला रोज घडणाऱ्या कितीतरी गोष्टी मॉडेलात फारशा कोणी आणलेल्या नाहीत. त्या निवडायच्या कशा, करायच्या कशा आणि बसवायच्या कुठे, हे पायरीपायरीनं सांगतो. मापं एचओ, म्हणजे १:८७ ची आहेत: खरं माप भागिले ८७. तुमचा लेआउट एन मापाचा असेल तर खऱ्या मापाला १६० नं भागा.

१. ठिकाण, महिना आणि वेळ कागदावर लिहा

एकच ओळ लिहा. उदाहरणार्थ: "घाटाच्या पायथ्याचं स्टेशन, आषाढ महिना, सकाळचे नऊ." हा कागद कामाच्या टेबलासमोर चिकटवा आणि प्रत्येक वस्तू ठेवण्याआधी त्याच्याशी ताडून बघा. आषाढात गवत पिवळं नसतं, वैशाखात छत्री पावसाची नसते, सकाळी नऊला फलाटावर चादर अंथरून झोपलेली माणसं कमी आणि घाईतली जास्त असतात.

मातीचा रंगही इथेच ठरतो. घाटात काळा बेसॉल्ट, कोकणात आणि माथेरानवर तांबडा जांभा, मराठवाड्यात आणि वऱ्हाडात काळी भेगाळलेली जमीन. माती चुकली की वर कितीही चांगलं दृश्य बसवलं तरी ते कुठलंच वाटत नाही.

दोन वेगळ्या ऋतूंची दृश्यं तुम्हाला मनापासून हवी असतील, तर ती साधारण १५ सेंमीच्या सुट्या पाट्यांवर करा आणि लेआउटमध्ये तेवढा खळगा ठेवा. दसरा आला की दसऱ्याची पाटी, उन्हाळ्यात उन्हाळ्याची.

२. बघायला जा, पण रुळांवर उतरू नका

फलाटावरून, पादचारी पुलावरून, फाटकाच्या बाहेरून किंवा गाडीच्या खिडकीतून बघा. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि मुख्य म्हणजे जिवाशी खेळ आहे. फोटो काढण्याआधी तिथला नियम विचारून घ्या. वहीत शब्दांनी टिपलेलंही पुष्कळ उपयोगी पडतं.

टिपायचं काय? माणूस कशाला टेकून उभा आहे, हातात काय आहे, ओझं कुठल्या खांद्यावर आहे, चप्पल पायात आहे की बाजूला काढून ठेवलीय. मॉडेलातली माणसं खोटी वाटतात ती सगळी ताठ उभी राहून समोर बघतात म्हणून. फलाटावर सरळ उभा राहणारा प्रवासी क्वचितच सापडतो.

३. साहित्य जमवा

- धारदार कटर, चिमटा, टूथपिक, 'शून्य' नंबरचा बारीक ब्रश, स्टीलची पट्टी
- फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, एम-सील
- सनबोर्ड, माउंट बोर्ड, थर्मोकोल, प्लास्टर ऑफ पॅरिस
- अॅक्रिलिक रंग आणि मॅट वॉर्निश
- टिश्यू पेपर (साडी-धोतरासाठी), इलेक्ट्रिक वायरमधल्या तांब्याच्या तारा (झाडांचे बुंधे, छत्रीच्या काड्या)
- नारळाचा काथ्या (वाळलं गवत), वाळलेल्या घोसाळ्याची जाळी (झुडपं), रंगवलेला लाकडी भुसा
- चाळलेली दगडाची भुकटी (खडी)
- खसखस, मोहरी, बारीक साबुदाणा
- न रंगवलेल्या १:८७ माणसांचं पाकीट
- एलईडी, १ किलो-ओहमचे रेझिस्टर, बारीक वायर

खडीबद्दल एक सूचना. खऱ्या रुळाखालचा मोठा खडा ६५ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे मॉडेलात पाऊण मिलिमीटर. समुद्रकिनाऱ्याची वाळू फुकट मिळते, पण ती वापरू नका. कोकणच्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात आणि मोटर खराब करतात. शिवाय मिठामुळे रूळ गंजतात. कुठलीही भुकटी वापरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवून बघा.

४. मापं काढा

डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. १५५ सेंमी उंचीची बाई मॉडेलात १८ मिमीची होते. आयसीएफ डबा सुमारे २४५ मिमी, एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा सुमारे २७० मिमी. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ९ मिमीच्या आसपास. आठ-नऊ मीटरचा ट्रक ९२ ते १०३ मिमी. खेळण्याच्या दुकानातले ट्रक आणि रिक्षा बहुधा याहून बऱ्याच मोठ्या मापाच्या असतात. पट्टी खिशात घेऊनच खरेदीला जा.

धान्याचं गणित मला फार आवडतं. खसखशीचा दाणा साधारण १ मिमी, म्हणजे खऱ्या जगातले जवळपास ९ सेंमी. केशरी रंगवला की तो टपोरा झेंडू होतो. मोठी मोहरी पावणेदोन मिमी, म्हणजे १५ सेंमी: सोललेला नारळ किंवा कोबीचा गड्डा. ३ मिमीचा साबुदाणा म्हणजे २६ सेंमी: हिरवा रंगवून गडद पट्टे ओढले की कलिंगड. मात्र धान्याला मुंग्या, झुरळं आणि उंदीर येतात. रंग वाळला की वॉर्निशचे दोन हात द्याच.

५. दृश्यं निवडा

खाली माझ्या आवडीची देतो. सगळी एका लेआउटवर घेऊ नका. एका मीटरमध्ये एक ठळक आणि दोन लपलेली पुरेत.

*पुश ट्रॉली.* रुळांवरून पळत ट्रॉली ढकलणारे ट्रॉलीमन आणि वर छत्रीखाली बसलेले रेल्वेमार्गाचे अभियंता. आपल्याकडचं हे दृश्य परदेशी लेआउटवर जवळपास दिसत नाही. अडचण अशी की ट्रॉली चालू रुळावर ठेवली तर गाडी फिरणार कशी? उत्तर खऱ्या रेल्वेतच आहे. गाडी यायची वेळ झाली की माणसं ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवतात. तोच क्षण करा: ट्रॉली कडेला, चार माणसं शेजारी, एकजण कपाळावर आडवा हात धरून गाडीच्या दिशेनं बघतोय. लांब पुलांवर आणि बोगद्यांमध्ये ट्रॉली काढून ठेवायला मुद्दाम जागा ठेवलेल्या असतात. तुमच्याकडे गर्डर पूल असेल तर बाजूला सनबोर्डचा छोटा सज्जा काढा आणि ट्रॉली त्यावर ठेवा. ट्रॉलीचा लाल झेंडा विसरू नका.

*कीमन आणि गँग.* कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवे झेंडे. तो एकटाच असतो, म्हणून त्याला स्टेशनपासून लांब, वळणावर ठेवा. गँग, म्हणजे रूळ दुरुस्त करणारी टोळी, मात्र घोळक्यानं काम करते: नारिंगी जाकिटं, पहारी, आणि जरा दूर उभा राहून गाडीवर लक्ष ठेवणारा एकजण. हा लक्ष ठेवणारा माणूस मॉडेलात हमखास राहून जातो. तो नसेल तर रेल्वेतल्या माणसाला ते लगेच खटकतं. आषाढाचा लेआउट असेल तर रेनकोट घालून, हातात बत्ती घेऊन निघालेला पावसाळी गस्तवाला करा.

*घाटातलं बँकर.* कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, कारण बोरघाटाची चढण ३७ ला १ आहे. लेआउटवर हे माप सोपं पडतं: दर मीटरला २७ मिमी उंची. जुना काळ करायचा असेल तर डब्ल्यूसीजी-१ इंजिन घ्या, ज्याला रेल्वेवाले 'खेकडा' म्हणत. साध्या डीसी कंट्रोलरवर दोन मोटरवाली इंजिनं एका गाडीला लावली आणि त्यांचा वेग जुळला नाही, तर मधले हलके डबे वळणावर बाहेर फेकले जातात. मागच्या इंजिनाची मोटर काढून टाका. ते नुसतं ओढलं जाईल, बघणाऱ्याला ढकलतंय असं वाटेल.

घाटातच आणखी एक जागा आहे: कॅच सायडिंग. उतारावरून येणारी गाडी आधी थांबते, ब्रेक ताब्यात असल्याची खात्री होते, मगच मुख्य मार्गाचे सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे हलते रूळ) जुळतात. तोवर सांधे चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडे लावलेले असतात, म्हणजे बेफाम सुटलेली गाडी त्यावर चढून थांबावी. हा आडमार्ग चालवायचा नसतो, त्यामुळे जुने रूळ वापरा. गवत वाढलेलं, रुळांना तांबेरा, शेजारी केबिन आणि केबिनच्या छपरावर माकडं. मंकी हिल नावाचं ठिकाण या मार्गावर खरंच आहे.

जागा अगदी कमी असेल तर १८६३ साली सुरू झालेल्या जुन्या बोरघाट मार्गाचा विचार करा. खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला जाऊन थांबायची आणि उलट दिशेनं पुढची चढण चढायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं. भिंतीला लागून अरुंद फळीवर लेआउट करणाऱ्यांना ही रचना फार सोयीची आहे, कारण गाडी वळवायला गोल लागत नाही.

*फाटक.* एका बाजूला उसाची बैलगाडी, एसटी, शाळेची मुलं. दुसऱ्या बाजूला मोटारसायकलवरचं अख्खं कुटुंब. गेटमन हिरवा झेंडा धरून गाडीकडे तोंड करून उभा. रुळाच्या कडेला, फाटकाच्या बरंच आधी, पिवळी 'सी/फा' पाटी लावा. ती ड्रायव्हरला सांगते की पुढे फाटक आहे, शिटी वाजव. बोटाच्या नखाएवढ्या या पाटीनं लेआउट कुठल्या देशाचा आहे हे लगेच कळतं. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी आणि मागच्या दारात हिरवा झेंडा दाखवणारा गार्ड हवाच. २०२२ पासून त्यांचं पदनाम ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण झेंडा तोच आहे.

*मुंबईची लोकल.* सामानाच्या डब्यापाशी डबेवाले. डोक्यावर डब्यांनी भरलेली लांब लाकडी पाटी, अंगात पांढरे कपडे, टोपी. पाटी २० ते २४ मिमी लांब ठेवा. शेजारी मासळीची टोपली घेतलेली कोळीण. रुळांच्या कडेला पालक, मेथी, लाल माठाचे वाफे: स्पंजचे बारीक कण ओळीत चिकटवा, एखादी ओळ लालसर जांभळी. दसऱ्याची पाटी करणार असाल तर लोकलच्या तोंडावर आणि दारांवर खसखशीचे झेंडूहार घाला. प्रवासी दरवर्षी आपापल्या गाडीची अशी पूजा करतात. १ जूनचा लेआउट केलात तर पुण्याच्या फलाटावर डेक्कन क्वीनसमोर केक कापणारे प्रवासी हवेत. ही गाडी १९३० साली त्याच तारखेला सुरू झाली आणि तिचा वाढदिवस प्रवासी आजही साजरा करतात.

*जिथे गाडीच दृश्य असते.* कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ साली सुरू झाली. कोलाडला मालट्रक थेट सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. चालक प्रवासभर आपल्याच ट्रकमध्ये बसून असतो. तुमच्या मॉडेलात प्रत्येक केबिनमध्ये माणूस हवा: कोणी झोपलेला, कोणी खिडकीतून हात बाहेर काढून बसलेला. ट्रकला लिंबू-मिरची बांधा, मागच्या फळीवर रंगीत अक्षरं लिहा. गाडी बोगद्यातून नेण्याआधी सर्वात उंच ट्रकाची उंची मोजून घ्या.

दुसरी गाडी आहे 'जलदूत'. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळानं होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं. कोटा इथल्या कार्यशाळेत वाफेनं स्वच्छ केलेल्या टाकी-वाघिणींच्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. दहा वाघिणी घरातल्या लेआउटवर मावतात, त्यामुळे हे दृश्य अगदी पूर्ण मापात करता येतं. काळी भेगाळलेली जमीन, वाघिणींना जोडलेले पाइप, कडेला जमलेली माणसं. घागरींची रांग लावायची तर ती गावात, टँकरपाशी लावा. वाघिणीखाली घागर धरलेली बाई दाखवलीत तर ते खोटं होईल. ज्यांनी तो उन्हाळा काढला, त्यांच्या आठवणीशी हे दृश्य जोडलेलं आहे, म्हणून इथे गमतीची एकही वस्तू ठेवू नका.

*अरुंद रूळ.* एचओ लेआउटच्या कोपऱ्यात छोटी गाडी हवी असेल तर बार्शी लाइट रेल्वे घ्या. कुर्डुवाडी-बार्शी हा तिचा पहिला मार्ग १८९७ चा, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिमी होतं, म्हणजे एन मापाचा ९ मिमीचा तयार ट्रॅक जवळपास नेमका बसतो. पुढे हीच रेल्वे पंढरपूरपर्यंत गेली, त्यामुळे टाळ-मृदंग घेऊन डब्यात चढणारे वारकरी शोभून दिसतात. माथेरानच्या गाडीचं गेज ६१० मिमी आहे. मॉडेलात ते ७ मिमी होतं आणि त्याला झेड मापाचा साडेसहा मिमीचा ट्रॅक जवळचा. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गावर घोडे, हातरिक्षा, माकडं सगळं चालेल, पण माथेरानच्या स्टेशनबाहेर मोटार उभी करू नका. तिथे खासगी मोटारींना बंदी आहे.

६. माणसं आपली करून घ्या

पाकिटातल्या बाईचा झगा कटरनं खरवडून सपाट करा. टिश्यूची पातळ पट्टी पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, कमरेभोवती गुंडाळा, ओली असतानाच टूथपिकनं निऱ्या दाबा, पदर खांद्यावरून मागे टाका. नऊवारीसाठी पट्टीचं टोक दोन पायांमधून मागे खोचा. रात्रभर वाळू द्या, मग रंगवा. पुरुषाच्या हॅटची कड छाटली की गांधी टोपीचा आकार आपोआप निघतो. धोतर साडीसारखंच करा.

त्वचेचा रंग एकाच बाटलीतला नको. पिवळी माती आणि तपकिरी रंग वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तीन-चार छटा करा. शेवटी खूप पातळ केलेला गडद तपकिरी रंग सगळ्यांवरून फिरवा. तो चुण्यांमध्ये उतरतो आणि चेहऱ्यावर सावली धरतो. चकाकी राहिली तर मॅट वॉर्निश मारा. चकाकणारा माणूस प्लास्टिकचाच दिसतो.

७. जागा ठरवताना बघणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा

हँबुर्गमधलं मिनियातुर वुंडरलँड २००१ पासून लोकांना खेचतंय, त्यात त्याच्या आकाराइतकाच वाटा कानाकोपऱ्यांत दडवलेल्या छोट्या प्रसंगांचा आहे. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालयही वेळ काढून बघा. एचओ मापात अख्खं शहर कसं रचतात ते तिथे समोर दिसतं.

घरच्या लेआउटसाठी माझा नियम असा: ठळक दृश्य डोळ्यांसमोर, गाडी हळू होते तिथे; लपलेलं दृश्य पुलाच्या कमानीखाली, केबिनच्या मागे किंवा छपरावर. लहान मुलांच्या डोळ्यांची पातळी वेगळी असते. त्यांना दिसेल असं काहीतरी कडेला खाली ठेवा. फलाटाखाली पिल्लांना पाजणारी कुत्री चालेल.

चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा सगळ्यात अरुंद वळणावरून हातानं फिरवा. त्याच्या मध्याला आणि दोन्ही टोकांना पेन्सिली चिकटवल्या तर बाहेर येणारी कड जमिनीवर आखली जाते. त्या रेषेच्या आत काहीही नको: खांब, माणूस, हाराचं टोकसुद्धा.

८. दिवे आणि हालचाल

दृश्यांच्या दिव्यांना रुळांच्या कंट्रोलरवरून वीज देऊ नका. डीसी कंट्रोलरवर गाडीचा वेग बदलला की दाब बदलतो आणि दिशा बदलली की एलईडी विझतो. १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर घ्या. पांढऱ्या एलईडीला १ किलो-ओहमचा रेझिस्टर लावलात की सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि या मापाला एवढा उजेड भरपूर होतो. वडापावच्या गाडीखालच्या स्टोव्हला लुकलुकणारा केशरी एलईडी छान दिसतो. रात्री वेल्डिंगनं रूळ जोडणाऱ्या गँगपाशी निळसर पांढरा ठेवा, पण तो बटणावर ठेवा. बघणाऱ्यानं बटण दाबावं आणि काही सेकंद ठिणगी दिसावी. सतत लखलखणारा दिवा दोन मिनिटांत डोळ्यांना खुपायला लागतो.

९. बसवणं आणि सांभाळणं

क्रम असा ठेवा: जमीन, खडी, झाडी, इमारती, पाट्या, आणि माणसं सर्वात शेवटी. खडी पसरल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं सोडा, म्हणजे तो दाण्यांवर न थांबता खाली झिरपतो. सांध्यांच्या हलत्या पात्यांपाशी मात्र थेंबही जाऊ देऊ नका.

माणसं फेव्हिक्विकनं पक्की करू नका. त्याच्या वाफेनं आसपासच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात आणि नंतर माणूस हलवताना पाय तुटतो. पायाखाली बारीक तार घालून ती थर्मोकोलमध्ये खोचली की जागा केव्हाही बदलता येते.

मातीसाठी चहाचा चोथा वापरणार असाल तर तो कडक उन्हात कोरडा करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरतो. जून ते सप्टेंबर लेआउट सुती कापडानं झाका, प्लास्टिकनं नाही, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं धूळ काढा, आणि व्हॅक्यूम वापरायचा असेल तर नळीच्या तोंडाला जुना पातळ मोजा बांधा. सुटलेली माणसं मोज्यात अडकतात, पिशवीत जात नाहीत.